राजे गेले, सेमला राहिला!

मित्रांनो, आज आपण एका थंडगार देशाच्या स्वयंपाकघरात शिरणार आहोत. देशाचं नाव स्वीडन. पण उंबरठा ओलांडण्याआधी दोन राजांची गोष्ट ऐका.

पहिला राजा चौदावा एरिक. त्याला त्याच्या भावानं गादीवरून खाली खेचलं आणि कैदेत टाकलं. १५७७ साली तो कैदेतच मेला. वाटाण्याच्या सुपातून त्याला विष घातलं, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १९५८ साली त्याची कबर उघडून तपासणी झाली, तेव्हा अवशेषांमध्ये खरोखरच आर्सेनिक, म्हणजे आपण ज्याला सोमल म्हणतो ते विष, सापडलं!

दुसरा राजा आडॉल्फ फ्रेडरिक. हा भारी खवय्या. १७७१ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. राजेसाहेबांनी शेवंडं, मासे, आंबवलेला कोबी असं भरपेट जेवण केलं आणि शेवटी त्यांच्या लाडक्या गोड पावावर, म्हणजे सेमल्यावर, ताव मारला. चौदा वेळा वाढून घेतलं, अशी दंतकथा आहे. त्याच रात्री राजेसाहेब वारले.

दोन्ही राजे गेले. पण वाटाण्याचं सूप आणि सेमला काही गेले नाहीत. स्वीडनमधल्या कितीतरी घरांत, शाळांत आणि सैनिकांच्या भोजनगृहांत आजही गुरुवार म्हटला की वाटाण्याचं सूप. आणि हिवाळा सरत आला की बेकरीच्या काचेआड सेमल्यांच्या रांगा.

आता खरी गंमत पुढेच आहे. पूर्वी सुपात डुकराचं खारवलेलं मांस हवंच. सेमल्यात लोणी, दूध, अंडं, वरती सायीचा डोंगर. पण आज तिथल्या पुष्कळ घरांत हे दोन्ही पदार्थ मांस, दूध, लोणी, अंडं यातलं काहीही न घालता करतात. अशा जेवणाला म्हणतात 'व्हिगन'. १९४४ साली इंग्लंडमध्ये काही मंडळींनी हा शब्द तयार केला. आपल्याकडे शाकाहारी माणूस दूध, दही, तूप आनंदानं खातो. व्हिगन माणूस तेही खात नाही, मधसुद्धा नाही.

मग प्रश्न असा पडतो, की ज्यातून मांस गेलं, लोणी गेलं, तो पदार्थ जुना राहिला का? की नुसतं जुनं नाव लावलेला नवाच पदार्थ झाला? हा वाद आज स्वीडनमधल्या जेवणाच्या टेबलांवर अगदी खराखुरा होतो. एका बाजूला आजी असते, दुसऱ्या बाजूला नात. आपण दोघींचंही ऐकून घेऊ.

बर्फात काय पिकणार?

आधी नकाशा काढा. स्वीडन उत्तर-दक्षिण दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. त्याचं वरचं टोक तर उत्तरध्रुववृत्ताच्याही पलीकडे जातं. तिथल्या किरुना गावात डिसेंबरमध्ये काही आठवडे सूर्य उगवतच नाही. दक्षिणेकडच्या स्टॉकहोममध्येसुद्धा त्या दिवसांत तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे तुम्ही शाळेतून बाहेर पडायचं ते अंधारातच!

अशा ठिकाणी शेतीला मिळतात ते मोजके महिने. उरलेल्या काळात खायचं काय? गवत माणसाला पचत नाही, पण गाईला पचतं. म्हणून गाय, दूध, लोणी, चीज. समुद्रात हेरिंग मासा मुबलक. तो मिठात घालून पिंपं भरून ठेवायची. थंडीच्या तोंडावर डुक्कर मारायचं आणि मांस खारवायचं. राय नावाच्या धान्याची पातळ, कडक भाकरी भाजायची. तिच्या मध्यभागी भोक असायचं. का, सांगा पाहू? काठीत ओवून आढ्याला टांगायला! महिनोन्‌महिने ती टिकायची.

अगदी उत्तरेकडे सामी लोक राहतात. त्यांचं जगणंच रेनडिअरच्या कळपांवर उभं राहिलं. तिथं त्यांना कोणी 'भाजी खा' म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, "कुठली?"

तेव्हा आजीची बाजू अशी आहे. हे जेवण चैनीसाठी जन्माला आलं नाही. ते हिवाळ्यातून माणसं जगवण्यासाठी जन्माला आलं.

नातीची बाजूही ऐका. ती म्हणते, "आजी, आता तो हिवाळा तसा राहिला नाही. दुकानात बाराही महिने भाज्या मिळतात. मग मला प्राणी मारून खायचा नाहीये." कोणी पर्यावरणाचं कारण सांगतं, कारण गाईगुरांच्या पोटातून मिथेन वायू बाहेर पडतो आणि तो हवा तापवतो. कोणाला दुधाची ॲलर्जीच असते, त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

आणि गंमत म्हणजे नातीच्या मदतीला आलं ते स्वीडनच्याच शेतातलं एक साधं धान्य, ओट. दक्षिणेकडे लुंड नावाचं जुनं विद्यापीठाचं गाव आहे. दूध न पचणाऱ्या लोकांसाठी काही करता येईल का, याचा अभ्यास तिथले शास्त्रज्ञ रिकार्ड ओस्ते करत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ओटपासून दुधासारखं पेय बनवण्याची रीत काढली. ओट पाण्यात वाटलं आणि गरम केलं, की त्याची खळ होते. ओस्ते यांनी त्यात एन्झाइम वापरलं. ते एन्झाइम ओटमधल्या पिठूळ भागाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करतं. त्यामुळे पेय पातळ राहतं आणि साखर न घालताही थोडं गोड लागतं. भाताचा घास बराच वेळ चावत राहिलात तर तो गोड लागतो ना? आपल्या लाळेतलं एन्झाइम तिथं तेच काम करत असतं.

आज हे ओटचं पेय जगभर विकलं जातं. स्वीडनमधल्या व्हिगन स्वयंपाकाला त्यानं मोठाच टेकू दिला.

गुरुवारचं सूप

चला, आता प्रत्यक्ष चुलीपाशी. पहिला मान सुपाला. त्याचं नाव 'अर्टसोप्पा'. अर्ट म्हणजे वाटाणा, सोप्पा म्हणजे सूप. आणि करायलाही सोप्पंच आहे, बरं का!

वाळलेले पिवळे वाटाणे रात्रभर भिजवायचे, कांदा घालून मऊ शिजवायचे, थाइम आणि मार्जोरम या वाळवलेल्या पानांचा वास द्यायचा. ताटलीच्या कडेला मोहरीची चटणी. गुरुवारीच का? तर सोळाव्या शतकापर्यंत स्वीडनमधले लोक कॅथलिक पंथाचे होते. शुक्रवारी त्यांचा उपास. म्हणून आदल्या दिवशी पोटभर खाऊन घ्यायचं, असं त्याचं कारण सांगतात. पुढे पंथ बदलला, उपास सुटला, पण गुरुवार काही सुटला नाही. आणि सुपामागून गोड म्हणून पातळ पॅनकेक, त्यावर जॅम.

आता यातून मांस काढलं तर काय कमी होईल? नीट विचार करा. मांस सुपाला तीन गोष्टी देतं. मीठ, स्निग्धपणा आणि धुराचा वास. मीठ आपण घालू शकतो. स्निग्धपणासाठी तेल आहे. आणि धूर? तिथले लोक धुरावलेल्या मिरचीची पूड किंवा धुरावलेलं टोफू घालतात. सुपाचा जीव वाटाण्यात होता. तो जागेवरच आहे.

व्हिगन स्वयंपाकाची ही पहिली किल्ली लक्षात ठेवा. एखादा जिन्नस काढायचा असेल तर आधी विचारायचं, "बाबा रे, तू या पदार्थात काम काय करतोस?" अंडं पीठ बांधून ठेवतं. दूध ओलावा देतं. लोणी पाव मऊ ठेवतं. साय हवा धरून फुलते. एकदा काम कळलं, की ते काम करणारा दुसरा गडी शोधता येतो. छोले शिजवलेलं पाणी कधी घुसळून पाहिलंय? पुष्कळ घुसळलं, की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा फेस येतो!

सेमल्याची वेलची

आता दुसऱ्या राजाचा सेमला. मैद्याचा मऊ, गोल पाव. त्याचं टोपण कापायचं, आतला थोडा गर काढायचा, त्यात बदाम-साखरेचं सारण भरायचं, वरती साय फुलवून घालायची, टोपण परत ठेवायचं आणि पिठीसाखर भुरभुरायची. झाला सेमला.

पिठात एक मसाला हवाच. ओळखा पाहू कोणता? आपली वेलची! ती भरड कुटून अगदी सढळ हातानं घालतात. या वेलचीचं मूळ घर कुठलं माहीत आहे? आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रांगा, केरळ आणि कर्नाटकातले पावसाळी डोंगर. तिथून निघालेली वेलची बर्फाच्या देशात जाऊन बसली आणि आता तिच्यावाचून त्यांचा सणाचा पाव होत नाही.

व्हिगन सेमल्यात दुधाच्या जागी ओटचं पेय, लोण्याच्या जागी वनस्पती तेलाचं मार्गरिन, आणि वरती ओटची फुलवलेली साय. कोणी नारळाचं घट्ट दूध फ्रिजमध्ये गार करून तेच घुसळतात. बदामाचं सारण मुळात बदाम आणि साखरेचंच असतं.

"पण हा राजानं खाल्लेला सेमला नव्हे!" असं आजी म्हणाली, तर नातीनं हळूच सांगावं, "आजी, तू करतेस तोही नव्हे." कारण राजाचा सेमला वाडग्यातल्या गरम दुधात बुडवलेला असायचा. सायीचा डोंगर त्यावर चढला तो पुष्कळ पुढे. म्हणजे जुना म्हणून जो आपण जपतो, तो पदार्थही वाटेत कपडे बदलत आलेला असतो.

शेपू आणि एक-दोन-तीन

आता जून महिना. स्वीडनमधला सगळ्यात आनंदाचा सण, मिडसॉम्मर. रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर उजेड. फुलापानांनी मढवलेला उंच खांब मैदानात उभा करतात आणि त्याभोवती आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बेडकासारख्या उड्या मारत नाचतात! नाचून झालं, की जेवण. कोवळे नवे बटाटे आणि मुरवलेला हेरिंग मासा. बटाट्यांवर हिरवीगार पालेभाजी चिरून घातलेली. कुठली? शेपू! हो, हो, तीच. पानात शेपू दिसला की नाक मुरडणाऱ्या दोस्तांनो, स्वीडनमधल्या मुलांचा सण शेपूवाचून होत नाही.

मासा मुरवायच्या पाण्याला ते 'एक-दोन-तीन' म्हणतात. एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. त्यात कांदा, गाजर, तमालपत्र आणि ऑलस्पाइस नावाचे मिऱ्यासारखे दाणे. या दाण्यांना लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र वास येतो. सगळं उकळायचं, गार करायचं आणि त्यात खारा मासा मुरत ठेवायचा.

आता तुम्हीच सांगा, कैरीच्या लोणच्याचा मसाला गाजरात घातला तर ते लोणचं राहतं की नाही? राहतं! चव मुख्यतः मसाल्याची आणि मुरण्याची. हेच स्वीडिश लोकांनी ओळखलं. त्यांनी वांगं सोललं, बोटाएवढे तुकडे करून वाफवले आणि एक-दोन-तीनमध्ये बुडवले. वांगं स्पंजासारखं रस ओढून घेतं आणि मऊ, गुळगुळीत होतं. समुद्राचा वास हवा असेल तर वाळलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी टाकतात. कोणी वांग्याऐवजी अळंबी घेतात. मोहरीचा रस्सा केला, की मोहरीतला 'मासा' तयार.

नाताळचं टेबल

सगळ्यात मोठी परीक्षा डिसेंबरात असते. १३ डिसेंबरला लुसियाचा दिवस. पांढरे झगे घातलेली मुलं मेणबत्त्या घेऊन अंधाऱ्या सकाळी गात येतात आणि केशराचे पिवळेधमक पाव वाटतात. हे पाव इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळलेले असतात. दोन्ही वळणांत एकेक मनुका. रंग केशराचा, तेव्हा अंडं काढलं तरी पिवळेपणा जात नाही. वरती चकाकी यायला अंड्याऐवजी ओटचं पेय लावतात.

मग २४ डिसेंबरचं थोरलं जेवण. सगळं गोत जमतं. स्वीडिश भाषेत नाती कशी सांगतात ठाऊक आहे? इंग्रजीसारखं सगळ्यांना 'अंकल-आंटी' करून ते मोकळे होत नाहीत. आईचा भाऊ वेगळा, वडिलांचा भाऊ वेगळा, अगदी आपल्या मामा-काकांसारखा. मावशीला वेगळा शब्द, आत्याला वेगळा. आणि आईच्या आईला म्हणतात 'मूरमूर', म्हणजे 'आईची आई'!

तर या टेबलावर मधोमध असतो हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस. शेजारी मीटबॉल, अर्थात खिम्याचे छोटे गोळे. मसालेदार बारीक मासे, बटाटा आणि साय घालून भाजलेला 'यान्सनचा मोह' नावाचा पदार्थ. एखाद्या वर्षी पंधरा वर्षांची नात म्हणते, "मूरमूर, मी यातलं काही खाणार नाही." आजीचा चेहरा पडतो. तिला ऐकू येतं ते वेगळंच. 'माझ्या हातचं हिला नको झालं!'

खरी अडचण इथं आहे. प्रश्न मांसाचा किंवा दुधाचा राहत नाही. सगळे एका टेबलावर बसणार की नाही, असा होऊन बसतो. नात वेगळ्या खोलीत नूडल्स खात बसली, तर सण दोघींचाही बुडाला. म्हणून तर कितीतरी घरांत नात आदल्या दिवशीच आजीच्या स्वयंपाकघरात हजर होते. "मूरमूर, तू गोळ्यांत काय काय घालतेस? मला शिकव ना." आणि आजी शिकवते. भिजवलेला पावाचा चुरा, परतलेला कांदा, ऑलस्पाइस. नात खिम्याच्या जागी कुस्करलेला राजमा किंवा भिजवून पिळलेला सोया घेते, बाकी सारं आजीचं. वरती तोच तपकिरी रस्सा. पीठ खमंग भाजून, थोडा सोया सॉस घालून, शेवटी ओटची साय. कडेला लिंगॉनचा जॅम. 'यान्सन'मध्ये माशांच्या जागी तोच मसाला आणि शेवाळ.

आणि मीटबॉल तरी पक्के स्वीडिश आहेत का? २०१८ साली स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यावरूनच जाहीर केलं गेलं, की ही कृती बारावा चार्ल्स राजा तुर्कस्तानातून घेऊन आला! १७०९ साली रशियाकडून पोल्टावाची लढाई हरल्यावर हा राजा काही वर्षं तुर्की सुलतानाच्या मुलखात राहिला होता. मीटबॉलबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. पण कोबीच्या पानात सारण गुंडाळून करतात त्या 'कोल-डोल्मार' या स्वीडिश पदार्थाच्या नावातच तुर्की 'डोलमा' बसलेला आहे.

बटाट्याचंही तसंच. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. स्वीडनमध्ये अठराव्या शतकापर्यंत त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. १७४६ साली एवा एकेब्लाड नावाच्या बाईंनी बटाट्यापासून पीठ आणि मद्य करण्याची रीत शोधली. १७४८ साली त्यांना स्वीडनच्या राजेशाही विज्ञान अकादमीत घेतलं. अकादमीतली ती पहिली स्त्री! तेव्हा वय अवघं चोवीस. आज बटाट्याशिवाय स्वीडिश जेवणाचा विचार तरी करता येईल का?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? एकादशीला भात चालत नाही, तर आपण वरीचे तांदूळ घेतो, साबुदाणा घेतो, बटाटा घेतो. बटाटा, साबुदाणा आणि खिचडीतली मिरचीसुद्धा बाहेरून आलेली. पण आजीच्या देवघरासमोर बसून खाल्लेली ती खिचडी आपल्याला परकी वाटते का?

जे जमत नाही ते

सगळं जमतं असं मात्र समजू नका. वांग्याचा 'मासा' चवदार असतो, पण माशाचे पापुद्रे वांग्यात येत नाहीत. गाजराच्या पातळ पट्ट्या मीठ आणि शेपूत मुरवून सामन मासा केल्याचं सांगतात. दिसतात तशा, पण चव गाजराचीच. आणि सामी लोकांच्या रेनडिअरच्या रश्श्याला बदली शोधणं तर उगाचच. ती त्यांची जगण्याची रीत आहे. तिचं नाव दुसऱ्या पदार्थाला चिकटवून काय मिळणार? काही पदार्थ बदलावे, काही ज्यांचे त्यांच्यापाशी राहू द्यावे.

आणि कित्येक पदार्थांना बदलाची गरजच नाही. भोकाची ती कडक भाकरी बहुतेक वेळा राय, पाणी आणि मीठ एवढ्यावरच होते. निळ्या बोरांचं गोड, गरम सार बटाट्याच्या पिठानं घट्ट करतात. 'वासालोप्पेत' नावाची ९० किलोमीटरची बर्फावरची शर्यत १९२२ पासून होते. तिच्यात धावणाऱ्यांना वाटेत हेच सार पाजतात. लिंगॉनची लाल बोरं तर जंगलात कोणीही जाऊन वेचावीत. जंगल दुसऱ्याच्या मालकीचं असलं तरी फिरण्याचा आणि रानमेवा वेचण्याचा हक्क तिथं सर्वांना आहे.

करून पाहा

आता नुसतं वाचून भागायचं नाही. दोन पदार्थ आपल्याकडच्या जिनसांतून करून पाहा. गॅसपाशी मोठं माणूस हवंच.

गुरुवारचं सूप (चार जणांसाठी): रगड्याला वापरतो ते वाळलेले वाटाणे दोन वाट्या घ्या आणि रात्रभर भिजवा. सकाळी पाणी बदला, एक मोठा कांदा चिरून घाला आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा. डावानं घोटा, पण सगळं पीठ करू नका. काही दाणे अख्खे राहू द्या. थाइम मिळालं तर उत्तम. नाहीतर चिमूटभर ओवा चुरडून टाका, कारण थाइम आणि ओवा दोघांच्या वासात थायमॉल हाच पदार्थ असतो. मीठ आणि चमचाभर तेल घालून पाच मिनिटं उकळा. धुराचा वास हवा असेल तर आईला किंवा बाबांना कोळशाची धुरी द्यायला सांगा. सोबत फेसलेली मोहरी हवीच. तिच्यात थोडी साखर आणि व्हिनेगरचे थेंब घाला, म्हणजे ती स्वीडनच्या जवळ जाईल.

मागून पॅनकेक. एक वाटी मैदा, दोन चमचे बेसन, चिमूटभर मीठ, दोन वाट्या सोया दूध आणि चमचाभर तेल. अंड्याचं बांधून ठेवायचं काम इथं बेसन करतं. तव्यावर पातळ धिरडी घाला आणि जॅम लावून गुंडाळा.

वांग्याचं एक-दोन-तीन: इथं एक कोडं सोडवावं लागेल. स्वीडनमध्ये वापरतात ते व्हिनेगर १२ टक्के तीव्रतेचं असतं. आपल्या दुकानातलं बहुधा ४ टक्क्यांचं. मग प्रमाण काय घ्यायचं? आधी स्वतः गणित करा, मग पुढे वाचा.

झालं? व्हिनेगरची तीव्रता एक तृतीयांश, म्हणून ते तिप्पट घ्यायचं. त्यात पाणी आधीच जास्त असतं, म्हणून वरून पाणी कमी घालायचं. म्हणजे तीन भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, एक भाग पाणी. एक-दोन-तीन उलटं झालं, तीन-दोन-एक! (बाटलीवरचा आकडा मात्र आधी पाहून घ्या.)

हे मिश्रण स्टीलच्या पातेल्यात साखर विरघळेपर्यंत उकळा. त्यात दोन तमालपत्रं, चार लवंगा, आठ-दहा मिरी, एक कांदा आणि गाजराच्या चकत्या घाला. गार होऊ द्या. भरताचं एक वांगं सोलून बोटाएवढे तुकडे करा, थोडं मीठ लावून आठ-दहा मिनिटं वाफवा. गार झाल्यावर स्वच्छ काचेच्या बरणीत रसात बुडवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी उकडलेले छोटे बटाटे, वरती चिरलेला शेपू आणि शेजारी हे वांगं. बरणी फ्रिजमध्येच ठेवून चार-पाच दिवसांत संपवा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

एखादा पदार्थ व्हिगन करून पाहणं आणि वाढत्या मुलानं दूध-अंडी कायमची सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून पुरेसं मिळत नाही. ते गोळीतून किंवा मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून घ्यावं लागतं. कॅल्शियम, लोह आणि ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्यावं लागतं. दुकानातल्या ओटच्या पेयात यांतलं बरंच काही घातलेलं असतं, घरी केलेल्यात नसतं. म्हणून मुलानं तसं ठरवलं तर रागावू नका, पण आधी डॉक्टरांना विचारा. आणि बदामाची, मोहरीची किंवा सोयाची ॲलर्जी असेल तर ते जिनस टाळा.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. आपल्या आजीकडे जा आणि तिच्या हातचा सगळ्यात जुना पदार्थ कोणता ते विचारा. मग त्यातला एकेक जिन्नस मूळचा कुठला ते शोधून काढा. तिच्या आईच्या काळी त्यात काय घालत आणि आजीनं काय बदललं, हेही विचारा. आणि हो, उत्तर ऐकताना नुसते बसू नका. वाटाणे सोला, कांदा चिरा. स्वयंपाकघरातल्या गोष्टी हात चालू असतानाच चांगल्या ऐकू येतात!